वीज-पाण्याची काटकसर: सुरुवात कोठून करावी?



विजेचे बिल हाती आले की घरोघरी एकच प्रश्न विचारला जातो: "दिवे कुणी चालू ठेवले?" बोलणी बहुधा मुलांना, नाहीतर म्हाताऱ्यांना बसतात. मग आजी भर मे महिन्यात पंखा बंद करून घामाघूम बसते. ही काटकसर नव्हे. वीज खरोखर कोठे जाते, हे आधी पाहू या.

युनिट म्हणजे काय?

१,००० वॉटचे उपकरण एक तास चालले की एक युनिट वीज लागते. ९ वॉटचा एलईडी दिवा एका युनिटवर शंभराहून अधिक तास जळतो. पाणी तापवताना २,००० वॉटचा गिझर तेच युनिट अर्ध्या तासात संपवतो. म्हणून सर्वांच्या आंघोळी एकापाठोपाठ उरकाव्यात व गिझर लगेच बंद करावा. महावितरणच्या घरगुती बिलात पहिल्या १०० युनिटांनंतर दर वाढतो, ३०० नंतर पुन्हा वाढतो. त्यामुळे आपण वाचवतो ते युनिट नेहमी वरच्या, महाग दराचे असते.

आता आजीचा पंखा घेऊ या. जुना पंखा सुमारे ७५ वॉटचा. रोज बारा तास चालला तर महिन्याला २७ युनिट होतात. बीएलडीसी मोटारचा नवा पंखा साधारण ३० वॉटचा; तेवढ्याच वापराला ११ युनिटही लागत नाहीत. घरातले सर्व पंखे एकदम बदलणे परवडत नसेल, तर सर्वांत जास्त वेळ चालणारा आधी बदलावा. तो बहुधा वृद्धांच्या किंवा आजाऱ्यांच्या खोलीतलाच असतो. एसी असल्यास तो २४ अंशांवर ठेवून सोबत पंखा लावावा.

पाण्यातही वीज असते

मोटारीने टाकी भरणाऱ्या घरी टाकी वाहिली की पाण्याबरोबर वीजही वाहून जाते. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॉट. म्हणजे तासाला जवळजवळ पाऊण युनिट. टाकीला फ्लोट बसवावा. गळक्या नळाखाली रात्रभर भांडे ठेवून सकाळी पाणी मोजावे. नळाचा वायसर बदलायला मग कुणाला सांगावे लागणार नाही. शॉवरखाली पाच मिनिटांत पन्नासेक लिटर पाणी सहज जाते, बादलीत वीस लिटरमध्ये आंघोळ होते. पाणी शुद्ध करणाऱ्या आरओ यंत्रातून बाहेर पडणारे पाणी लादी पुसायला वापरता येते.

ॲरिस्टॉटल या ग्रीक तत्त्ववेत्त्याने शिकवले की, सद्गुण दोन टोकांच्या मध्ये असतो. एका टोकाला उधळपट्टी, दुसऱ्या टोकाला कंजुषी. गळती थांबवणे ही काटकसर. अशक्त माणसाचा वारा किंवा कोमट पाणी तोडणे ही कंजुषी. पहिलीने बिल उतरते, दुसरीने घरातले प्रेम आटते.

आज मिस्साहून घरी गेल्यावर आपण सर्वांनी मिळून मीटरवरचा आकडा वहीत लिहू या. पुढच्या रविवारी त्याच वेळी पुन्हा लिहू या. आठवड्याची बेरीज मुलांना करू द्यावी आणि पहिला बदल कोणता करायचा, हे आजी-आजोबांना विचारून ठरवावे.