जुना लॅपटॉप कसा पारखावा?

चित्रकला, छायाचित्रण किंवा संगीत यांचा छंद असलेल्या मुलाला लॅपटॉप हवासा वाटतो. पण नव्याची किंमत ऐकून त्याचे वडील चिंतेंत पडतात. अशा वेळीं जुना लॅपटॉप घेण्यांत कांहीं कमीपणा नाहीं. मात्र तो पारखून घेतला पाहिजे. माझ्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांनीं साठविलेले पैसे देऊन एक पातळ, चकचकीत यंत्र आणलें. त्याची रॅम अवघी ४ जीबी होती, आणि ती मुख्य फलकावरच डाख देऊन बसविलेली असल्यामुळें वाढवितां येईना. मोठें चित्र उघडतांच यंत्र अडून बसे. 'दिसतें तसें नसतें, म्हणून जग फसतें' या म्हणीचा प्रत्यय त्या घराला फार महागांत पडला.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजीं विंडोज १० चा नेहमींचा आधार संपला. पुष्कळ जुनीं यंत्रें विंडोज ११ च्या अटींत बसत नाहींत. पण त्यामुळें तीं निरुपयोगी ठरत नाहींत. लिनस टॉरवाल्ड्स यानें हेलसिंकी येथें विद्यार्थी असतांना १९९१ सालीं आरंभिलेली लिनक्स प्रणाली त्यांवर उत्तम चालते. चित्रें रंगविण्यास क्रिता, छायाचित्रें सुधारण्यास गिम्प, रेखाकृतींसाठीं इंकस्केप व ध्वनिमुद्रणासाठीं ऑडॅसिटी हीं साधनें तिच्यावर विनामूल्य मिळतात. मात्र फोटोशॉपची लिनक्ससाठीं आवृत्ति नाहीं. तुमच्या अभ्यासक्रमांत तेंच आवश्यक असेल, तर हा विचार आधींच करावा.

उदाहरणार्थ, २०१८ सालचा थिंकपॅड टी ४८० घ्या. त्यांत रॅमसाठीं दोन खोबणी आहेत, म्हणून आज ८ जीबी घेऊन पुढें ती वाढवितां येते. मागील बॅटरी यंत्र न उघडतां काढतां येते. परंतु एकाच नांवाच्या यंत्रांत पडदे निरनिराळे असतात. पडदा १९२० गुणिले १०८० बिंदूंचा असावा. बाजूनें पाहिल्यास रंग पालटत असतील, तर तो पडदा चित्रकाराच्या कामाचा नव्हे. फिरत्या तबकडीऐवजीं एसएसडी असावी.

आतां परीक्षा. लिनक्स मिंट भरलेला पेनड्राइव्ह बरोबर न्यावा आणि विक्रेत्याच्या संमतीनें यंत्र त्यावरूनच सुरू करावें. आंतील मजकुराला धक्का लागत नाहीं. मग प्रत्येक कळ दाबून पाहावी. वायफाय, ध्वनि व कॅमेरा तपासावा. बॅटरीची मूळची व सध्यांची क्षमता तेथेंच पाहतां येते. मूळचे ५० वॅट-तास असून आतां ३० उरले असतील, तर दोन पंचमांश शक्ति गेली असें समजावें आणि नव्या बॅटरीचा खर्च किंमतींत धरावा. बायोस उघडण्यास विक्रेत्यालाही ठाऊक नसलेला सांकेतिक शब्द लागत असेल, तर तें यंत्र घेऊं नये. पावती अवश्य मागावी. चोरीचा माल स्वस्त पडला तरी तो आपला होत नाहीं.

पालकांस एवढीच विनंति कीं, खरेदीला मुलाला बरोबर न्यावें, व ही परीक्षा त्याच्याच हातून करवावी. जें यंत्र त्यानें स्वतः पारखलें, तें तो जपून वापरील. आणि पैशाचें मोलही त्याला त्याच दिवशीं कळेल.