धाप एकाएकी का वाढते?

जुना दमा किंवा सीओपीडी असलेल्यांचा त्रास अचानक बळावतो, त्यामागे बहुधा सर्दी किंवा फ्लू असतो. दुसरे कारण धूर: चुलीचा, विडीचा, वीटभट्टीचा. कारखान्यांचा वायूही तसाच. 3 जून 2021 च्या रात्री बदलापूरच्या एमआयडीसीत वायुगळती झाली, तेव्हा आसपासच्या लोकांना श्वास घेणे जड गेले. तिसरे कारण, बरे वाटताच इनहेलर बंद करणे. सीओपीडीत असा प्रत्येक झटका फुप्फुसे आणखी कमकुवत करू शकतो.

म्हणून कातकरी वाडीवर भेटीस जाल तेव्हा विचारा: इनहेलर रोज घेता का? चूल हवेशीर जागी आहे का? कफ वाढला, पिवळा-हिरवा झाला का? तसे असल्यास लगेच दवाखान्यात न्या. ओठ निळे पडले किंवा धापेमुळे बोलवेनासे झाले, तर 108 ला फोन करा.