पुढच्याची पाठ

कामरेजला राहणाऱ्याला हॉर्न वाजवायला शिकवावं लागत नाही. मुंबई-अहमदाबाद महामार्ग इथं तापी ओलांडतो आणि मागचा पुढच्याला अखंड हाक देत असतो. तरी त्या सकाळी पुण्यातल्या एका मैदानावर माझ्या तोंडून आवाज फुटला नाही.

आमच्या घरात गोल्फ शिरला तो २०२१ साली, पुण्याचा उदयन माने टोकियो ऑलिंपिकमध्ये खेळला तेव्हा, टीव्हीवरून. पुढे मेहुण्यांनी हौसेनं मैदानावर नेलं. आमच्या पुढचे चौघं अजून फेअरवेवरच होते. इतक्या लांब आपला चेंडू कसला पोचतोय, असं वाटून मी फटका मारला आणि नेमका तोच सणसणीत बसला. चेंडू उजवीकडे वळला आणि गवतात वाकलेल्या कॅडीच्या पायाशी, हातभर अंतरावर आदळला. समोरच्यांना सावध करायला ‘फोर!’ असं ओरडायला हवं होतं. लाज वाटली म्हणून गप्प राहिलो. त्यांच्यातले एक वयस्कर गृहस्थ चालत आले, चेंडू माझ्या हातात ठेवला आणि एवढंच म्हणाले, “त्याची पाठ होती तुमच्याकडे.”

गोल्फचा चेंडू जेमतेम ४६ ग्रॅमचा, पण कठीण. सप्टेंबर २०१८ मध्ये पॅरिसजवळ रायडर कप या गोल्फ स्पर्धेच्या वेळी ब्रुक्स केपकाचा चेंडू भरकटून प्रेक्षकांत गेला आणि एका महिलेच्या उजव्या डोळ्याची दृष्टी गेली. केपका त्याच वर्षी अमेरिकन ओपन जिंकलेला. अशा हाताचाही नेम चुकतो, तर हौशी खेळाडूनं स्वतःच्या फटक्यावर कितीसा भरवसा ठेवावा?

मैदानावर इतरांना जपायचं सौजन्य २०१९ च्या नियमावलीत थेट नियमांत आलं. प्रामाणिक राहा, इतरांचा विचार करा, मैदान जपा, अशी अपेक्षा पहिल्याच नियमात आहे. हरवलेला चेंडू शोधायला पूर्वी पाच मिनिटं मिळत, आता तीन. आपली पाळी आली की ४० सेकंदांत फटका मारावा, अशी शिफारस आहे. हे आकडे मागं ताटकळणाऱ्यांसाठी आहेत. आपण रेंगाळत असू आणि मागचे वेगानं खेळत असतील, तर त्यांना खुशाल पुढं जाऊ द्यावं. त्यात कमीपणा कसला?

भोकाभोवतीच्या ग्रीनवर तर आणखी जपावं लागतं. दुसऱ्याचा चेंडू भोकाकडे ज्या रेषेत जाणार, तिच्यावर पाय पडू नये, सावलीही पडू नये. चेंडू आदळून पडलेला खळगा तिथंच बुजवावा. वाळूच्या बंकरमधून बाहेर पडताना दाताळं फिरवून आपली पावलं पुसावीत, कारण आपल्यानंतर येणाऱ्याचा चेंडू नेमका त्याच खड्ड्यात बसतो.

चूक झालीच तर चालत जाऊन माफी मागावी, कॅडीचीसुद्धा. मी त्या दिवशी मागितली ती खेळ संपल्यावर, आणि तो उशीर मला अजून सलतो.

पुढच्या वेळी टीवर उभे राहाल तेव्हा फटक्याआधी समोरची माणसं मोजा. कॅडी आणि गवत कापणारे माळी त्यात धरा. चेंडू जरा जरी वळला, तरी लाज न धरता ओरडा.