खारबांध : शेजारधर्माची जुनी शाळा

समुद्राच्या भरतीपेक्षा खालच्या पातळीवर असलेल्या जमिनीत भाताचे पीक काढावयाचे, ही गोष्ट ऐकताना अशक्यप्राय वाटते. परंतु कोकण किनाऱ्यावरील खाड्यांच्या काठी पिढ्यान्‌पिढ्या हे घडत आले आहे. रायगड जिल्ह्यातील अलिबाग व पेण तालुक्यांचा, धरमतर खाडीलगतचा जो सखल पट्टा ‘खारेपाट’ म्हणून ओळखला जातो, तो अशा शेतीचे ठळक उदाहरण होय. एका बाजूस खाडीचे खारे पाणी, दुसऱ्या बाजूस भातखाचरे आणि वस्ती आणि या दोहोंच्या मध्ये केवळ मातीचा एक बांध, असे येथील चित्र आहे.

हा बांध कोणा एका शेतकऱ्याचा नसतो. त्याच्या आड दहा घरांची शेती असेल किंवा पाच गावांची असेल. पाणी आत शिरले की ते सर्व्हे नंबर पाहून शिरत नाही. आपल्या वाट्याचा बांध कितीही मजबूत केला, तरी शेजाऱ्याच्या वाट्याचा फुटला की दोघांचीही शेते बुडतात. म्हणूनच नागरिकांनी एकत्र येऊन सार्वजनिक काम कसे चालवावे, ते कशामुळे टिकते व कशामुळे मोडते, याचा अभ्यास करू इच्छिणाऱ्यास खारबांधासारखी दुसरी शाळा नाही.

भरतीचे गणित

आपल्या किनाऱ्यावर सर्वसाधारणपणे दिवसातून दोनदा भरती व दोनदा ओहोटी येते आणि भरतीची वेळ दररोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे जाते. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते, हा कोळी व शेतकरी बांधवांचा जुना हिशेब आहे. चतुर्थीस तीनच्या सुमारास, अष्टमीस सहाच्या सुमारास भरती पूर्ण होते. अमावास्या व पौर्णिमेच्या आसपास पाणी सर्वांत उंच चढते. त्यास ‘उधाण’ म्हणतात. अष्टमीच्या आसपास भरती उणी असते. ते ‘भांगा’चे दिवस.

बांधाची खरी परीक्षा पावसाळ्यातील उधाणात होते. डोंगरातून नदीने आणलेला पूर आणि खाडीतून चढणारी भरती एकाच वेळी आली, तर दोन्ही बाजूंनी पाणी तटते. अशा काही तासांसाठीच बांध वर्षभर जपावयाचा असतो.

बांध आणि उघाडी

खारबांध हा खाडीतीलच चिकण मातीचा असतो. खाडीच्या बाजूस, जेथे लाटांचा मारा अधिक, तेथे दगडांचे अस्तर देतात. बांधाला जागोजागी जी दारे ठेवलेली असतात, त्यांना ‘उघाडी’ म्हणतात. उघाडीची रचना साधी, पण मार्मिक आहे. ओहोटीच्या वेळी शेतातील गोड्या पाण्याच्या दाबाने तिची झडप बाहेरच्या बाजूस उघडते आणि साचलेले पाणी खाडीत निघून जाते. भरतीच्या वेळी खाडीचे पाणी तीच झडप दाबून बंद करते. अशा रीतीने पावसाचे पाणी जमिनीतील क्षार विरघळवून बाहेर वाहून नेते आणि पेरणीयोग्य थर तयार होतो.

हे काम कोकणातील मुसळधार पाऊस फुकट करतो, हे खरे. पण त्यासाठी उघाडी मोकळी असावी लागते. झडपेत लाकूड अडकले, तळाशी गाळ साचला, तर गोडे पाणी बाहेर जात नाही व खारे पाणी आत येण्याचे थांबत नाही. एकदा शेतात खारे पाणी पसरले की ते पीक तर जातेच, परंतु जमीन पुन्हा गोडी होण्यास पुढील दोन-तीन पावसाळे जावे लागतात. पनवेल येथील खार जमीन संशोधन केंद्राने पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ यांसारखे क्षार सहन करणारे भाताचे वाण दिले आहेत. त्यांचा उपयोग मोठा आहे. तथापि वाण काही प्रमाणात क्षार सोसतो, समुद्र सोसू शकत नाही.

खांड कशी पडते ?

बांध एकाएकी फुटला, असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात तो क्वचितच एकाएकी फुटतो. प्रारंभ बहुधा एखाद्या खेकड्याच्या बिळापासून, खचलेल्या कडेपासून किंवा गुरांच्या पायवाटेपासून होतो. बिळातून पाणी झिरपू लागते, सोबत मातीचे कण जातात, बीळ रुंद होते आणि एका उधाणात बांधाचा वरचा भाग खाली बसतो. ही ‘खांड’. त्यानंतर प्रत्येक भरतीस पाणी आत येते व प्रत्येक ओहोटीस बाहेर धावते. म्हणजे दिवसातून चार वेळा खांडीच्या कडा झिजतात व तळ खोल जातो.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. खांड पडल्यानंतर लागलीच येणारे भांगाचे दिवस हाच ती बुजविण्याचा काळ होय. त्या आठवड्यात जे काम गावची माणसे घमेली व फावडी घेऊन करू शकतात, तेच काम दोन उधाणे गेल्यानंतर यंत्रांवाचून होत नाही आणि पावसाळ्यात तर यंत्र तेथवर पोहोचतही नाही. बांधाच्या रक्षणात पैशाइतकेच, किंबहुना पैशाहून अधिक महत्त्व वेळेला आहे. ही वेळ साधणे बांधाजवळ राहणाऱ्यालाच शक्य असते.

जोळाची रीत

ही वेळ साधण्यासाठी खारेपाटातील गावांनी जी व्यवस्था उभी केली, ती ‘जोळ’ या नावाने ओळखली जाते. एका बांधाच्या आड ज्यांची शेती, त्यांचा एक जोळ. सर्वसाधारण रीत अशी, की पावसाळ्यापूर्वी सर्वांनी मिळून बांधावर माती चढवावयाची, उघाड्या दुरुस्त करावयाच्या आणि खांड पडल्याची हाक आली की हातातील काम टाकून धावावयाचे. ही व्यवस्था कोणत्याही कायद्याने निर्माण केलेली नव्हती. गरजेतून ती निर्माण झाली होती.

तिच्या यशाची कारणे शोधली असता तीन गोष्टी दिसतात. पहिली, सभासदत्वाची मर्यादा स्पष्ट होती. बांधाने ज्याचे रक्षण होते, तो सभासद. दुसरी, कामाचा काळ ठरलेला होता. त्यासाठी दरवर्षी नव्याने निमंत्रण द्यावे लागत नसे. तिसरी व सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे कामचुकारपणा लपत नसे. कोणत्या भागाची माती चढली नाही, हे येता-जाता सर्वांना दिसत असे.

तथापि, जुन्या व्यवस्थेचे केवळ गुणगान करणे न्यायाचे होणार नाही. बांधावर घाम गाळणारे हात बहुतांशी कुळांचे होते आणि पिकाचा मोठा वाटा खोत व सावकार यांच्या घरी जात असे. याच खारेपाटात, चरी या गावी, १९३३ मध्ये नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी खोतांची जमीन न कसण्याचा निर्धार केला आणि तो संप सुमारे सहा वर्षे, १९३९ पर्यंत चालला. १९३४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी चरी येथे येऊन या लढ्यास पाठबळ दिले. ज्या लोकांना एकत्र येऊन बांध राखण्याची सवय होती, त्यांनी एकत्र येऊन आपला हक्कही मागितला, असे म्हणावयास हरकत नाही.

कायदा आला, जबाबदारी कोणाची ?

१९४८ च्या कुळकायद्याने आणि १ एप्रिल १९५७ या कृषकदिनाने कसणाऱ्यास जमिनीची मालकी दिली. हा फार मोठा सामाजिक न्याय होता. परंतु त्याबरोबर एक नवा प्रश्नही उभा राहिला. पूर्वी बांधाच्या खर्चाची जबाबदारी ज्या मोठ्या जमीनधारकांकडे होती, ते बाजूस झाले. नव्या मालकांच्या वाट्यास लहान-लहान तुकडे आले. बांध मात्र पूर्वीइतकाच लांब राहिला.

या प्रश्नाची दखल शासनाने घेतली. १९४८ मध्येच मुंबई खारजमीन अधिनियम झाला होता. त्यापुढे महाराष्ट्र खारजमीन विकास अधिनियम, १९७९ आला आणि खारबंदिस्तीच्या योजना बांधणे व राखणे हे शासनाचे काम झाले. शासकीय योजनांमुळे बांध उंच झाले, पक्क्या उघाड्या आल्या. परंतु बांध ‘सरकारी’ झाला, तेव्हा त्याकडे पाहणारी गावची नजर मात्र सैल झाली. बीळ दिसले तरी ‘ऑफिसला कळवू’ असे म्हणून माणूस पुढे जाऊ लागला. अंदाजपत्रक, मंजुरी, निविदा या पायऱ्या सार्वजनिक पैशाच्या रक्षणासाठी आवश्यकच आहेत. पण भरती त्यांच्यासाठी थांबत नाही. ज्या खासगी बांधांना कोणतीच शासकीय योजना लाभली नाही, त्यांची स्थिती तर अधिकच कठीण झाली.

शासन असमर्थ आहे किंवा गाव आळशी आहे, असा निष्कर्ष यावरून काढणे चुकीचे ठरेल. दोघांची कामे निरनिराळी आहेत, एवढेच यातून शिकावयाचे. मोठा बांध बांधणे गावाच्या ऐपतीबाहेरचे आहे. रोजचे बीळ बुजविणे खात्याच्या आवाक्याबाहेरचे आहे.

गोमंतकाचा अनुभव

शेजारच्या गोव्यात अशाच जमिनींना ‘खाजन’ म्हणतात आणि उघाडीस ‘मानस’. तेथे बांध व मानस राखण्याचे काम गावकारी या ग्रामसंस्थेकडे होते. पोर्तुगीज अमलात तिला ‘कोमुनिदाद’ हे नाव मिळाले. मानशीच्या तोंडाशी मासळी धरण्याच्या हक्काचा लिलाव होई आणि त्या उत्पन्नातून बांधाची देखभाल होत असे. १९६४ च्या कूळ कायद्यानंतर व १९७६ च्या दुरुस्तीनंतर कुळे मालक झाली आणि ही जबाबदारी कुळांच्या संघटनांकडे आली. काही संघटनांनी ती उत्तम पेलली. काही ठिकाणी मात्र मासळीच्या लिलावाचे उत्पन्न हेच मुख्य झाले. अधिक मासळीसाठी मानस नको त्या वेळी उघडी राहू लागली, खारे पाणी शेतात चढले आणि भातशेती मागे पडली. संस्थेचा पैसा वाढला, पण ज्यासाठी ती संस्था, तेच काम बुडाले. प्रत्येक नागरी संघटनेने ध्यानात ठेवावी अशी ही गोष्ट आहे.

तिवरांचा प्रश्न

खांड वर्षानुवर्षे उघडी राहिली की भरतीबरोबर येणारे तिवरांचे बी शेतात रुजते आणि काही वर्षांत तेथे कांदळवन उभे राहते. कांदळवन हे किनाऱ्याचे मोलाचे धन आहे. बांधाबाहेरची तिवरे लाटांचा जोर मोडतात, मासळीच्या पिलांना आसरा देतात. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये त्यांच्या तोडीस राज्यभर मनाई केली आणि २०१८ च्या निकालाने हे संरक्षण अधिक दृढ केले. याचा अर्थ शेतकऱ्याने नीट समजून घ्यावयास हवा. वेळीच न बुजविलेल्या खांडीमागील शेत एकदा कांदळवन झाले, की ते पुन्हा शेत करण्याची वाट जवळजवळ बंद होते. बांधाबाहेरचे तिवर राखणे आणि बांधाआतील शेत राखणे या परस्परविरोधी गोष्टी नाहीत. दोहोंचे रक्षण वेळेवर बुजविलेल्या बिळाने होते.

आज काय करता येईल ?

३ जून २०२० रोजी अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आलेल्या ‘निसर्ग’ चक्रीवादळाने किनाऱ्यावरील वस्तीची असुरक्षितता सर्वांसमोर आणली. समुद्राची पातळी वाढत आहे, हेही आता शास्त्रज्ञांनी निर्विवादपणे दाखविले आहे. अशा काळात जोळाची रीत नव्या स्वरूपात पुन्हा उभी करणे अगत्याचे आहे.

प्रत्येक बांधाची एक साधी नोंदवही असावी. बांधाचे भाग पाडून प्रत्येक भाग पाहण्याची जबाबदारी ठराविक घरांकडे द्यावी. प्रत्येक अमावास्या व पौर्णिमेनंतर, उधाण ओसरताच, बांधावरून एक फेरी व्हावी आणि बिळे, झिरपा, उघाडीची स्थिती यांची तारखेसह नोंद व्हावी. मृग नक्षत्रापूर्वी माती, गोणी व मेखा उघाडीजवळ साठवून ठेवाव्यात. गावाला न पेलणारे काम असेल, तर तोंडी निरोपावर विसंबून न राहता ग्रामसभेचा ठराव व नोंदवहीचा उतारा जोडून खारभूमी विकास विभागास लेखी कळवावे. तारीखवार नोंद हाती असली की अधिकाऱ्यालाही प्रस्ताव पुढे नेणे सोपे जाते.

समितीत कोण असावे, याचाही विचार हवा. भाताची लावणी करणारे हात मुख्यतः स्त्रियांचे असतात. खारे पाणी शेतात शिरले की प्रथम त्यांनाच ते कळते. सात-बारावर नाव नाही म्हणून त्यांना समितीबाहेर ठेवणे म्हणजे पहाऱ्यावरील अर्धे डोळे मिटणे होय. अलीकडे किनारपट्टीत जमिनीचे व्यवहार वाढले आहेत. ज्यांनी जमीन घेतली पण जे गावात राहत नाहीत, त्यांच्या वाट्याचा बांध बहुधा दुर्लक्षित राहतो. अशा नव्या मालकांनाही नोंदवहीत स्थान देऊन श्रम नाही तर खर्चाचा वाटा उचलण्यास सांगितले पाहिजे. आणि संघटनेस उघाडीवरील मासळीचे अथवा अन्य उत्पन्न असेल, तर त्याचा हिशेब वर्षातून एकदा सर्वांसमोर वाचला जावा.

खारेपाटात घराजवळच्या तळ्यात जिताडा वाढविण्याची जुनी रीत आहे. तळे आपले, मासा आपला. त्याची राखण प्रत्येक जण मनापासून करतो. बांध मात्र सर्वांचा असल्यामुळे तो कोणाचाच नाही, असे होऊ लागले, तर तळेही उरणार नाही आणि जिताडाही उरणार नाही. ‘सर्वांचा’ या शब्दात ‘माझा’ हा अर्थ अगोदर येतो, एवढे ज्या गावाने ओळखले, त्या गावाच्या बांधाला पुढच्या उधाणाचे भय बाळगण्याचे कारण नाही.