डाग कोणाच्या रक्ताचा?



सदऱ्यावर एक तपकिरी डाग आहे. तो गंजाचा, पानाच्या पिंकेचा की रक्ताचा? रक्ताचा असेल, तर माणसाचा की बकऱ्याचा? नुसत्या डोळ्यांना हे कळत नाही. पण या उत्तरावर एखाद्याचे प्राण अवलंबून असू शकतात.

१९०१ साली जर्मनीतील रुगेन बेटावर दोन लहान मुलांचा खून झाला. लुडविग टेस्नो या सुताराच्या कपड्यांवर डाग सापडले. ते लाकडाच्या रंगाचे आहेत, असे त्याने सांगितले. तेव्हा हे कपडे ग्राइफ्सवाल्ड येथील शास्त्रज्ञ पाउल उलेनहूट यांच्याकडे पाठवण्यात आले. त्यांनी नुकतीच एक नवी कसोटी शोधून काढली होती.

ती अशी. सशाला माणसाचा रक्तरस थोडाथोडा टोचतात. त्यातील प्रथिने सशाला परकी असल्याने त्याच्या रक्तात त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात. मग सशाचे रक्त काढून त्यातील रक्तरस वेगळा करतात. दुसरीकडे, डाग मिठाच्या पाण्यात भिजवून त्याचा अर्क काढतात. परीक्षानळीत दोन्ही एकत्र आले, की पांढुरका साका दिसतो. मात्र डाग माणसाच्या रक्ताचा असेल तरच! मेंढीचे रक्त ओळखायचे, तर सशाला मेंढीचा रक्तरस टोचावा लागतो.

टेस्नोच्या कपड्यांवर माणसाचे रक्त निघाले आणि मेंढीचेही. काही आठवड्यांपूर्वी त्याच बेटावर मेंढ्या कापून टाकलेल्या आढळल्या होत्या.

पण ध्यानात ठेवा, ही कसोटी ‘माणसाचे रक्त’ एवढेच सांगते. ‘कोणत्या माणसाचे’ ते सांगत नाही. १९०१ मध्येच कार्ल लँडस्टायनर यांनी रक्तगटांचा शोध प्रसिद्ध केला. डागाचा गट जुळला नाही, तर रक्त त्या माणसाचे नव्हे. जुळला, तरी तोच गट असंख्य लोकांचा असतो. नेमकी व्यक्ती ओळखण्याची वाट १९८४ साली इंग्लंडमध्ये ॲलेक जेफ्रीज यांच्या डीएनए ठशांच्या शोधाने खुली झाली. आपल्या तांबड्या पेशींत केंद्रक नसते. म्हणून हा डीएनए मिळतो तो डागातील पांढऱ्या पेशींतून. एकसारख्या जुळ्यांना मात्र नेहमीची डीएनए चाचणीही वेगळे करू शकत नाही.

आता विचार करा. खुनाचा आळ आलेला एक खाटीक म्हणतो, “हे रक्त बकऱ्याचे आहे.” त्याचे म्हणणे खरे की खोटे, हे ठरवायला तुम्ही सशाला कोणाकोणाचा रक्तरस टोचाल? आणि का?