‘लाज वाटते’ हे इंग्रजीत कसे सांगाल?



या अंकातील अभ्यास वसतिगृहातील मुलांना इंग्रजी शिकवण्याविषयी आहे. आपल्यापैकी पुष्कळ जण उन्हाळ्याच्या सुट्टीत मेळघाटात येऊन वर्ग घेतात, काही जण फोनवरून शिकवतात. त्यांच्या उपयोगी पडावा म्हणून तो लिहीत आहे. सुरुवात माझ्या एका चुकीपासून करते.

दोन वर्षांपूर्वी आमची एक मुलगी परिचारिका प्रशिक्षणाच्या मुलाखतीला गेली. बारावीला तिला चांगले गुण होते. स्वतःविषयी इंग्रजीत चार वाक्ये बोल, असे तिला सांगण्यात आले. नाव, गाव, घरची माणसे एवढे तिने नीट सांगितले. मग तिला म्हणायचे होते की नवीन माणसांसमोर मला थोडी लाज वाटते, पण कामात मी मागे हटत नाही. ती म्हणाली, ‘आय अ‍ॅम अशेम्ड.’ समोरच्या बाईंनी विचारले, कशाबद्दल? काय केलेस तू? मुलीला प्रश्न कळला, उत्तर सुचले नाही. ती गप्प झाली ती शेवटपर्यंत, आणि जागा गेली. लाज म्हणजे अशेम्ड, हे मीच शब्दकोशात पाहून तिच्या वहीत लिहून दिले होते.

‘लाज’ हा एकच शब्द आपण किती ठिकाणी वापरतो पाहा. पाहुणे आले की मूल आईच्या पदराआड लपते, ती लाज. भर वर्गात चप्पल तुटली आणि सगळे हसले, तीही लाज. मैत्रिणीचे पैसे घेतले आणि ते उघडकीस आले, तीही लाजच. इंग्रजीत पहिल्या मुलाला शाय म्हणतील, दुसऱ्याला एम्बॅरस्ड आणि तिसऱ्याला अशेम्ड. पहिला स्वभाव झाला, दुसरी चारचौघांत झालेली फजिती, तिसरी आपल्या हातून वाईट घडल्याची बोच. खरे तर मराठीतही बुजणे, ओशाळणे आणि शरमणे हे वेगवेगळे आहे, पण रोजच्या बोलण्यात आपण सगळे ‘लाज वाटते’ यातच कोंबतो.

आमच्या मुलांच्या बाबतीत हा घोटाळा नुसता भाषेचा राहत नाही. फाटका सदरा घालून शाळेत आलेल्या मुलाने काहीही गैर केलेले नसते. त्याला एम्बॅरस्ड वाटेल. अशेम्ड वाटण्याचे त्याला काही कारण नाही. हे दोन शब्द मी आता एकाच दिवशी शिकवते, आणि हेच उदाहरण देऊन शिकवते. त्या दिवशी वर्ग जरा जास्त शांत असतो.

आणखी एक गोष्ट शहरातून येणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. आमच्या कोरकू मुलांना मराठी ही घरची भाषा नव्हे. कोरकू ही मुंडा कुळातील, संथाली आणि मुंडारी यांच्या नात्यातील भाषा आहे. मराठीशी तिचे कुळाचे नाते नाही. घरी कोरकू, बाजारात हिंदी, शाळेत मराठी, आणि वर इंग्रजी. महाराष्ट्रात 2000 सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी आहे, म्हणजे सहा वर्षांच्या मुलापुढे दोन परक्या भाषा एकदम येतात. म्हणून आधी विचारा, घरी हे कसे म्हणता? मोठी मुले सांगतात, मी देवनागरीत फळ्यावर डाव्या बाजूला लिहिते. बहुतेक वेळा वाद होतो, एकाच्या गावात एक शब्द तर दुसऱ्याच्या गावात दुसरा. इंग्रजीच्या तासाला कधी तोंड न उघडणारी मुलगी त्या वेळी फळ्यापाशी येऊन माझा कोरकू शब्द खोडते. मला तर वर्गातली हीच दहा मिनिटे सर्वांत मोलाची वाटतात.

आता वाक्यरचना. मराठीत भावना आपल्याकडे येते: मला भीती वाटते, मला राग आला. आली तशी ती जाते. इंग्रजीत मात्र स्वभाव आणि क्षणाची भावना दोन्हींना ‘आय अ‍ॅम’ चालते. आय अ‍ॅम अँग्री बरोबरच आहे, पण शिकाऊ मुलाला तो रागही स्वभावासारखा वाटू लागतो. म्हणून सुरुवातीला क्षणिक भावनेसाठी ‘आय फील’ पक्के करून घ्या: आय फील नर्व्हस. स्वभावासाठी ‘आय अ‍ॅम’: आय अ‍ॅम क्वाएट, आय अ‍ॅम हार्डवर्किंग.

क्वाएट म्हणजे कमी बोलणारा, शाय म्हणजे बोलायची इच्छा असून बुजणारा. आपण आदिवासी मुलांना सरसकट ‘लाजरी-बुजरी’ म्हणतो. मीही अहवालांत असे लिहिले आहे. हीच मुले नदीवर किती बोलतात ते ऐकायला या.

काही जोड्या हमखास चुकतात. आय अ‍ॅम बोअर्ड म्हणजे मला कंटाळा आला. आय अ‍ॅम बोअरिंग म्हणजे मीच कंटाळवाणा. सेन्सिटिव्ह म्हणजे हळवा, सेन्सिबल म्हणजे समंजस. स्टबर्न हा हट्टी आणि डिटरमाइन्ड हा जिद्दी. मुलाखतीत कोणता सांगायचा ते मुलांना लगेच कळते.

सरावासाठी मी पेत्राची गोष्ट घेते, कारण ती मुलांना पाठ आहे. मत्तयाच्या 26 व्या अध्यायात, येशूला धरून नेल्यावर पेत्र महायाजकाच्या वाड्यातील अंगणात बसला आहे. त्याला काय वाटत असेल? नर्व्हस, स्केअर्ड. त्याच्या बोलीवरून लोक त्याला ओळखतात आणि तो येशूला नाकारतो. कोंबडा आरवतो, तो बाहेर जाऊन रडतो. आता कोणता शब्द, एम्बॅरस्ड की अशेम्ड? मुले बरोबर अशेम्ड निवडतात आणि का तेही सांगतात. मग प्रेषितांच्या कृत्यांचा दुसरा अध्याय उघडायचा. तोच पेत्र, आता हजारोंपुढे उभा, कॉन्फिडन्ट. हे बोलणारे गालीली ना, असे लोकांना तिथेही वाटते. बोली तीच राहिली आहे. मागच्या वर्षी सातवीतला एक मुलगा म्हणाला, ‘बाई, म्हणजे पेत्राचे इंग्लिश पण आमच्यासारखेच असते.’

म्हणून उच्चारांवर हसू नका. ‘एम्बॅरस्ड’ म्हणताना मुले अडखळतात, तुम्हीही अडखळाल. उभे करायचे तर दोघांना जोडीने करा: एकाने विचारायचे, दुसऱ्याने सांगायचे. पहिल्या दिवशी एकट्याला फळ्यापुढे बोलावू नका.

उन्हाळी वर्गाला येताना छापील शब्दयाद्या आणू नका, आमच्याकडे त्यांचा ढीग आहे. पाठकोरे कागद आणि जाड स्केचपेन आणा; मुले आपापल्या भावनांची चित्रे काढतात आणि खाली चार भाषांत नावे लिहितात. त्या मुलीची पुढची मुलाखत येत्या महिन्यात आहे. तिने तीन वाक्ये स्वतः बसवली आहेत: आय अ‍ॅम क्वाएट विथ न्यू पीपल. आय फील नर्व्हस टुडे. बट आय अ‍ॅम नॉट अफ्रेड ऑफ वर्क. प्रार्थनेत तिची आठवण ठेवा.