पंचनाम्यात बोरमाळ कुठे लिहायची?

वाचकांचे प्रश्न : कायदा आणि पैसा

ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यात पूर आला, सप्टेंबरमध्ये साऱ्या मराठवाड्यात अतिवृष्टी झाली. पिकांच्या भरपाईबद्दल बरेच लिहून झाले आहे. घरातल्या वस्तूंचे काय, असे विचारणारी तीन पत्रे या वेळी निवडली आहेत.

प्रश्न : १७ ऑगस्टच्या रात्री गावात पाणी शिरलं तेव्हा लेकरं घेऊन नेसत्या वस्त्रानिशी घर सोडलं. परत आलो तर लोखंडी पेटी वाहून गेलेली. तिच्यात सासूबाईंची बोरमाळ आणि दोन इरकली लुगडी होती. आईनं शिवलेली वाकळ आणि लग्नाचा अल्बम चिखलात सापडला. पंचनाम्यात नुसतं 'संसारोपयोगी साहित्य' असं लिहिलं आहे. या वस्तूंची वेगळी भरपाई मिळते का? – एक भगिनी, ता. मुखेड

ताई, आधी कटू उत्तर देतो. सरकारी मदतीत बोरमाळीला वेगळा रकाना नाही. ही मदत वस्तूची किंमत मोजून दिली जात नाही. संसार पुन्हा उभा करायला हातभार म्हणून ठरावीक रक्कम मिळते. २०२२-२३ ते २०२५-२६ या काळासाठीच्या राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या निकषांप्रमाणे कपड्यांसाठी कुटुंबामागे २,५०० रुपये आणि भांडी व घरगुती सामानासाठी २,५०० रुपये आहेत. राज्य सरकार त्यात स्वतःची भर घालते. २०२३ च्या पावसाळ्यात ही मदत १० हजार रुपये करण्यात आली होती. घराच्या पडझडीची मदत याहून निराळी असते. सपाट भागात घर पूर्ण पडले असेल तर १ लाख २० हजार रुपये. किमान १५ टक्के पडझड असेल तर पक्क्या घराला ६,५०० आणि कच्च्या घराला ४,००० रुपये. गोठा पडला असेल तर ३,००० रुपये. तुमच्या पंचनाम्यात घर 'अंशतः' लिहिले आहे की 'पूर्णतः', हे आधी पाहा. तिथे एक शब्द चुकला तरी लाखाचा फरक पडतो.

पंचनाम्याची प्रत मागून घ्या. त्यात त्रुटी असेल तर तहसीलदारांकडे लेखी अर्ज करा, सोबत फोटो जोडा आणि अर्जाची पोच घ्या. प्रत द्यायला टाळाटाळ झाली तर माहितीच्या अधिकारात मागा. ३० दिवसांत उत्तर द्यावेच लागते. तुमचे गाव लेंडी धरण प्रकल्पाच्या बुडीत क्षेत्रात येत असेल, तर घराचा पुनर्वसनाचा मोबदला आणि पुराची मदत हे दोन वेगळे विषय आहेत. एका कागदावर सही करताना दुसऱ्यावरचा हक्क सोडल्याचे काही लिहिलेले नाही ना, ते वाचून घ्या.

बोरमाळीसाठी पोलीस ठाण्यात वस्तू गहाळ झाल्याची नोंद करा. पेटी कुठे तरी झुडपात अडकलेली सापडू शकते. दुसऱ्याची सापडलेली वस्तू अप्रामाणिकपणे स्वतःकडे ठेवणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१४ खाली गुन्हा आहे. ती आपलीच आहे हे दाखवायला सोनाराची पावती नसली, तरी अल्बममधला सासूबाईंनी बोरमाळ घातलेला फोटो चालेल. म्हणून तो अल्बम फेकू नका. चिकटलेले फोटो ओढून सोडवू नका, वरचा थर निघून येतो. चिखल ओला असतानाच स्वच्छ थंड पाण्यात पाने बुडवून हळूच धुवावीत आणि सावलीत, चेहरा वरच्या बाजूला ठेवून, सुती कापडावर सुकवावीत. ओला कागद दोन दिवसांत बुरशी धरतो, त्यामुळे आता जेवढे फोटो शाबूत आहेत त्यांचे मोबाइलवर लगेच फोटो काढून घ्या.

प्रश्न : नांदेडला गोदावरीच्या काठाजवळ आमचं घर आहे. गृहकर्ज घेताना बँकेनं विमा उतरवला होता. तळमजल्यात पाणी शिरून कपाट, फ्रिज, आजोबांचा तंबोरा, चांदीचे देव आणि हस्तलिखित पोथी खराब झाली. विमा कंपनी म्हणते, 'पॉलिसी फक्त इमारतीची आहे.' हे बरोबर आहे का? – एक निवृत्त शिक्षक, नांदेड

सर, पॉलिसी पाहिल्याशिवाय हो किंवा नाही म्हणता येणार नाही. पण कर्जासोबतचा विमा बहुतेक वेळा बँकेचे पैसे बुडू नयेत म्हणून भिंती आणि छतापुरताच उतरवलेला असतो, हे खरे. बँकेकडे आणि कंपनीकडे पॉलिसीची पूर्ण प्रत मागा, नुसते प्रमाणपत्र नको. त्यात 'घरातील वस्तू' हा भाग आहे का ते बघा.

१ एप्रिल २०२१ पासून सर्वसाधारण विमा कंपन्यांना 'भारत गृह रक्षा' ही एकसारखी पॉलिसी द्यावी लागते. पूर, वादळ, भूकंप, आग हे सगळे तिच्यात येते. इमारत आणि वस्तू असा दोन्हींचा विमा असेल, तर इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के, पण १० लाखांच्या आत, सर्वसाधारण वस्तूंना यादी न देताही संरक्षण मिळते. तुमचे कपाट आणि फ्रिज यात बसतील. दागिने, चांदीची भांडी, चित्रे, कलावस्तू अशा मौल्यवान वस्तूंसाठी मात्र जादा हप्ता भरून वेगळे संरक्षण घ्यावे लागते. त्यांची किंमत आधीच ठरवून पॉलिसीत लिहितात. एकूण रक्कम ५ लाखांपर्यंत आणि कोणतीही एक वस्तू १ लाखाच्या आत असेल, तर मूल्यांकनाचा दाखलाही लागत नाही. हे संरक्षण घेतलेले नसेल तर चांदीच्या देवांचे पैसे मिळणे अवघड आहे. हस्तलिखिते, दस्तऐवज, नाणी आणि रोख रक्कम या पॉलिसीत सहसा वगळलेलीच असतात. म्हणजे पोथीसाठी दावा टिकणार नाही.

तरीही 'फक्त इमारत' हे उत्तर तोंडी घेऊ नका. नाकारल्याचे कारण पॉलिसीतल्या कलमासह लेखी मागा. समाधान झाले नाही तर कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लिहा. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा ते पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. मराठवाड्यासाठी पुण्याचे कार्यालय आहे. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचे दावे चालतात आणि मुदत एक वर्षाची आहे. दुसरा रस्ता नांदेडच्या जिल्हा ग्राहक आयोगाचा. तिथे मुदत दोन वर्षांची. दावा विनाकारण अडवला हे सिद्ध झाले तर आयोग मानसिक त्रासाबद्दल भरपाई देऊ शकतो. ती कंपनीच्या वागणुकीची भरपाई असते. तंबोऱ्यावर आजोबांची बोटे फिरली होती म्हणून त्याची किंमत वाढत नाही. विमा बाजारभाव किंवा आधी ठरलेली रक्कम एवढेच ओळखतो.

विमा कंपनीचा सर्व्हेअर येऊन जाईपर्यंत खराब वस्तू भंगारात देऊ नका.

प्रश्न : पेटीत ठेवलेल्या नोटा, ठेवीच्या पावत्या, मुलाची दहावीची गुणपत्रिका आणि निजामकाळातले उर्दू-मोडी कागद भिजून लगदा झाला. शेजारी म्हणतात, बँकेत लॉकर घेतलं असतं तर वाचलं असतं. – एक शेतकरी, जि. लातूर

दादा, तुमच्या यादीतले बरेच काही परत मिळवता येईल.

नोटा सुकवा, पण चिकटलेल्या ओढू नका. मळलेल्या आणि फाटक्या नोटा कुठलीही बँक बदलून देते, खाते तिथे नसले तरी. ५० रुपये आणि त्यावरच्या नोटेचा सर्वांत मोठा अखंड तुकडा ८० टक्क्यांहून जास्त असेल तर पूर्ण किंमत मिळते, ४० ते ८० टक्के असेल तर निम्मी. २० रुपयांपर्यंतच्या नोटेला निम्म्याहून मोठा तुकडा पुरतो. फारच ठिसूळ झालेल्या किंवा एकमेकींना घट्ट चिकटलेल्या नोटा रिझर्व्ह बँकेच्या निर्गम कार्यालयात न्याव्या लागतात. ठेवीची पावती गेली म्हणून पैसे जात नाहीत. हमीपत्र दिले की बँक दुय्यम पावती देते. गुणपत्रिकेसाठी लातूर विभागीय मंडळाकडे अर्ज करा. खरेदीखतही भिजले असेल तर त्याची प्रमाणित प्रत दुय्यम निबंधकांकडे मिळते आणि मूळ कागद नष्ट झाल्याचे दाखवले, तर ती न्यायालयातही पुरावा म्हणून चालू शकते.

जुन्या कागदांची मात्र घाई करा. २ सप्टेंबर २०२५ च्या हैदराबाद गॅझेटच्या शासन निर्णयानंतर मराठा समाजाच्या कुणबी नोंदींसाठी असे कागद घराघरांत शोधले जात आहेत. खासरा पत्रक आणि जुन्या फेरफारांच्या नकला तहसीलच्या अभिलेख कक्षात आणि भूमी अभिलेख कार्यालयात मागा. जे खासगी कागद फक्त तुमच्याच घरी होते, त्यांची नक्कल कुठेच नसते. उरलेले तुकडे फेकू नका. सुकवून, सपाट ठेवून त्यांची छायाचित्रे काढा आणि छत्रपती संभाजीनगरच्या पुराभिलेखागारात सल्ला विचारा.

लॉकरबद्दल शेजाऱ्यांचे म्हणणे अर्धेच खरे आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणे किंवा कर्मचाऱ्याची फसवणूक यांमुळे नुकसान झाले, तर बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभरपट असते. पूर, भूकंप, वीज या नैसर्गिक आपत्तींसाठी बँक जबाबदार नाही, फक्त तिने योग्य ती काळजी घेतलेली असली पाहिजे. लॉकर तळघरात असेल तर घरची वरची फळी बरी. लॉकर घ्यायचाच असेल तर शाखा किती उंचावर आहे ते पाहून घ्या.

तिघांनाही : बोरमाळ, तंबोरा आणि गुणपत्रिका यांच्यासाठी कायदा एकच प्रश्न विचारतो : हे होते, याचा पुरावा काय? पुढच्या मृगाच्या आधी घरातल्या मोलाच्या वस्तूंचे फोटो काढा, दागिन्यांच्या पावत्या आणि सगळे दस्तऐवज स्कॅन करा, दाखले डिजिलॉकरमध्ये ठेवा आणि हा सगळा संच दुसऱ्या गावातल्या बहीण-भावाच्या मोबाइलवरही पाठवा. दोन दुपारींचे हे काम आहे. पूर आल्यावर पंचनामा करणाऱ्याच्या हाती 'संसारोपयोगी साहित्य' या दोन शब्दांऐवजी पुरती यादी देता येईल.